मेहुण्याच्या माथी मारलेला मोसम

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला फार कष्टही पडले नाहीत. विषय निघाला की मी कुणाच्या तरी गुडघ्याची चौकशी करायचो. आमच्या वयाच्या माणसांत गुडघ्याचा विषय काढला की पुढचा तासभर दुसरं काही बोलावं लागत नाही.

मिसिसागातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये ती गोष्ट अशी सांगतात: यांचा मुलगा वॉटर्लूहून इंजिनियर झाला, चांगली नोकरी हातात होती, पण मेलबर्नला मामाकडे गेला आणि मामाने त्याला गाड्यांच्या शर्यतींच्या नादी लावलं. मुलगा तिकडेच राहिला आणि चाकं बदलायला लागला. मामा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. हल्ली लोक हे हसत हसत सांगतात, कारण मुलाचं उत्तम चाललं आहे. पण सांगतात असंच. आणि ते खोटं आहे. मामाने त्याला परत जा म्हणून सांगितलं होतं. राहा म्हणणारा मी होतो.

फेब्रुवारीतली सकाळ होती. मी घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होतो आणि जाड कोटाच्या आत कुठेतरी फोन वाजला. मुलाचा होता. तो वर्किंग हॉलिडेचा व्हिसा घेऊन मेलबर्नला गेला, त्याला तेव्हा पाच-सहा महिने झाले होते. वॉटर्लूची एक सॉफ्टवेअर कंपनी त्याच्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार होती. तिकडे मामाच्या घराजवळच्या गॅरेजात तो काम करतो, हे आम्हाला ठाऊक होतं. वेळ जायला बरं, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. त्या गॅरेजातून त्याची ओळख टूरिंग कारच्या एका संघाशी झाली होती. टूरिंग कार म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारखीच, दारं, टप, डिकी सगळं असलेली. आतून मात्र निव्वळ शर्यतीची. ऑस्ट्रेलियात या गाड्यांचा मोसम त्यांच्या उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतो आणि या शहरातून त्या शहरात फिरत वर्षअखेरीस संपतो.

एरवी आमच्या मुलाचं माझ्याशी बोलणं ठरलेलं असे. "हाय बाबा, आय ॲम गुड, आईला दे." त्या दिवशी तो बोलतच राहिला. मराठीत सुरुवात करायचा, इंग्रजीत जायचा, पुन्हा मराठीत यायचा. शर्यतीच्या मधेच गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला चाकं बदलायची जागा असते तिथे, येऊन थांबते, आपल्याच जॅकवर वर उचलली जाते, आपण चाकासमोर गुडघ्यावर असतो, हातात हवेवर चालणारी गन. नट सुटतो, जुनं चाक बाहेर, नवं आत, नट परत, गाडी खाली आणि गेली.

"बाबा, यू डोन्ट थिंक. हातच थिंक करतात," तो म्हणाला.

मग खरं कारण निघालं. संघाने त्याला त्या मोसमासाठी विचारलं होतं. उत्तर त्याच आठवड्यात द्यायचं होतं.

"मामा काय म्हणतो?"

"मामा म्हणतो, वेडा आहेस का, परत जा, जॉब घे, ताईला काय सांगू मी? पण तू सांग ना बाबा. व्हॉट डू यू थिंक?"

माझ्या मिश्यांवर बर्फ जमला होता. हा मुलगा आमच्या घरात बावीस वर्षं वाढला आणि इतकं सलग मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "राहा. एक मोसम करून बघ." आणि लगेच पुढे म्हणालो, "पण मी सांगितलं हे आईला सांगू नकोस."

पहिल्या वाक्याचा मला कधीच पश्चात्ताप झाला नाही. हे सगळं लिहायची वेळ आली ती दुसऱ्यामुळे.

बायकोला मी घाबरतो असं नाही. म्हणजे घाबरतो, पण ते कारण नव्हतं. मुलगा आम्हाला उशिरा झालेला, एकुलता एक. तो वॉटर्लूला नोकरीला लागेल, शुक्रवारी घरी येईल, रविवारी डबे भरून नेईल, असं तिने मनात घर मांडलं होतं. ते मी मोडलं हे तिला कळावं, अशी माझी इच्छा नव्हती. आपोआप मोडलं असं वाटलं तर बरं, इतकाच माझा विचार.

आठवड्याभराने मुलाने तिला फोन करून सांगितलं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली. मी चहासाठी आलं किसत होतो.

"हे माझ्या भावाचंच काम," ती म्हणाली. "त्याला लहानपणापासून गाड्यांचं वेड. स्वतःला जमलं नाही, आता माझ्या पोराला पुढे केलं."

मी आलं किसत राहिलो. तेवढ्यात "अगं, मी सांगितलं" असं म्हणता आलं असतं. चहात नको तेवढं आलं पडलं, त्यावर मात्र दोघं बोललो.

तिने भावाला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"तूच सांगितलंस ना त्याला?"

तो म्हणाला, "ताई, चुकलं."

"चुकलं काय चुकलं! मी माझं पोर तुझ्या भरवशावर पाठवलं होतं. आता मला फोन करू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. मुलाने त्याला सगळं सांगितलं होतं, मी बर्फात उभा राहून काय बोललो तेही.

"दाजी, एक सांगू? तुम्हाला दोघांना एका घरात राहायचंय. मी लांब आहे, माझ्यावर रागावलेली चालेल. पण आठ-दहा दिवसांत तुम्हीच सांगून टाका तिला. तुमचं ऐकते ती."

"सांगतो, सांगतो," मी म्हणालो.

आमच्याकडे बहिणीचा नवरा म्हणजे दाजी. दाजीला उलट बोलायचं नाही, बहिणीसमोर दाजीची मान खाली जाईल असं काही करायचं नाही. पुढे शहरं बदलतात, देश बदलतात, माणूस साठीला येतो, तरी हे हाडात राहतं. माझ्या मेहुण्याच्या हाडात ते होतं आणि ते आहे हे मला पक्कं माहीत होतं. मी काही बोललो नाही तर तोही बोलणार नाही, या खात्रीवर मी स्वस्थ बसलो.

आठ दिवस गेले. मग असं झालं की आता सांगितलं तर आठ दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार. पुढच्या महिन्यात ते आणखी अवघड झालं. मोसम सुरू झाला.

त्या शर्यती मी चोरून बघायचो. थंडी असेपर्यंत माझी बायको सकाळी तिच्या मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये चालायला जाते. दुकानं उघडण्याआधी आमच्या वयाच्या बायकांचा मोठा घोळका तिथे फेऱ्या मारत असतो. ती बाहेर पडली की मी बेसमेंटमध्ये जाऊन आदल्या दिवशीची शर्यत लावायचो. कोण जिंकतं याच्याशी मला देणंघेणं नसायचं. आमच्या मुलाच्या संघाची गाडी हिरव्या रंगाची होती आणि ती बहुतेक मधेच कुठेतरी असायची. ती पिटमध्ये यायची मी वाट बघत बसायचो. तिथे हेल्मेट घातलेली सगळी माणसं सारखीच दिसतात, पण आपलं पोर बसण्यावरून ओळखू येतं. हा लहानपणी लेगोचे ठोकळे जोडताना एक गुडघा टेकून, दुसरा हनुवटीशी घेऊन बसायचा. पुढच्या डाव्या चाकाशी तसाच बसलेला असे. ते दोन-चार क्षण झाले की मी बंद करायचो.

बायको मुलाशी बोलायची. जेवलास का, झोपतोस का, विम्याचे कागद नीट ठेवलेस का. कामाबद्दल एक अक्षर नाही. आणि भावाशी काहीच नाही. तिच्या आई-वडिलांमागे माहेर म्हणून तिला तो एकटाच होता. दर रविवारी संध्याकाळी ही दोघं बोलायची. तासभर, आणि त्यातला निम्मा वेळ नुसतं हसणं. आता रविवारी संध्याकाळी ती कपाटं आवरायला लागली. आमची कपाटं इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

जुलैमध्ये आम्ही ब्रॅम्प्टनला ग्रोसरीला गेलो. तिथल्या दुकानात दारातच राख्यांचा स्टँड लावला होता. दर वर्षी ती तिथे थांबायची, लांब जायची आहे म्हणून सपाट, पाकिटात बसेल अशी निवडायची. मी म्हणालो, "राखी बघायची का?"

"धणे घ्या," ती म्हणाली. "संपलेत."

राखीपौर्णिमेच्या दिवशी त्याने मला फोन केला. इकडचं तिकडचं बोलला, मेलबर्नच्या थंडीबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, "दाजी, राखी पोस्टात कुठे अडकली असेल का हो?"

"हो ना," मी म्हणालो, "इथे पोस्टाचं काही खरं नाही सध्या."

"तेच म्हटलं," तो म्हणाला. मी खोटं बोलतोय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला. मी तळमजल्यावरच्या वॉशरूममध्ये जाऊन नुसतंच तोंड धुऊन आलो.

ऑक्टोबरमध्ये त्यांची सर्वांत मोठी शर्यत असते, एका डोंगरावर. हजार किलोमीटर. रस्ता डोंगर चढतो, माथ्यावर दोन भिंतींमधून वळणं घेतो आणि कड्यासारखा खाली येतो. दोन ड्रायव्हर आलटून पालटून गाडी चालवतात, दिवसभर चालते. तिथली रविवार सकाळ म्हणजे आमची शनिवार संध्याकाळ, त्यामुळे यावेळी मला ती सुरू असतानाच बघता येणार होती. जेवणं आटपली, बायको वर सिरीयल बघत होती, मी बेसमेंटमध्ये.

ड्रायर तिथेच आहे हे मी विसरलो होतो. ती टॉवेल काढायला खाली आली.

"हे काय बघताय?"

"शर्यत."

"कसली?"

"त्याची."

ती टोपली घेऊन उभी राहिली. मला वाटलं, आता वर जाईल. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि टॉवेलच्या घड्या घालायला लागली.

"आपली कुठली?"

"हिरवी."

"मागे आहे."

"मागेच असते."

थोड्या वेळाने हिरवी गाडी पिटमध्ये आली. मी बोट दाखवलं. "तो. पुढच्या डाव्या चाकाशी."

ती पुढे सरकून बसली. "हेल्मेट आहे, ते बरं आहे," ती म्हणाली. आणि गाडी निघून गेल्यावर, "झालं? एवढंच?" मग जरा वेळाने, "केवढा चपळ आहे हो. घरी पाण्याचा ग्लास उचलायला दहा मिनिटं लावायचा."

दोन तास ती तिथून उठली नाही. टॉवेल संपले, चादरी संपल्या, शेवटी ती माझ्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. हिरवी गाडी चांगली पुढे आली होती. पुन्हा पिटमध्ये आली तेव्हा तीन चाकं झटक्यात झाली आणि चौथं राहिलं. आमचं. नट लागला होता, गनचा आवाजही झाला होता. पण त्याने हात वर केला, नट परत काढला, बाजूचा दुसरा घेतला, बसवला. तेवढ्या वेळात चार-पाच गाड्या पुढे निघून गेल्या. समालोचक ओरडत होता.

"परत का काढला? सगळे थांबलेत ना त्याच्यासाठी!"

"वाकडा बसला असणार."

"मग? कुणाला कळलं असतं?"

"डोंगर उतरताना कळलं असतं. चाक निघालं असतं."

"मग थांबला ते बरं केलं," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. मोज्यानेच पुसले. मग एकदम म्हणाली, "अहो, एक मला कळत नाही. माझा भाऊ भांडकुदळ आहे. चूक नसताना कबूल करणारा नाही, आणि असली तरी आधी दहा कारणं सांगतो. त्या दिवशी नुसतं 'चुकलं' म्हणाला. काय चुकलं, का चुकलं, काही नाही. मला तेव्हापासून ते खटकतंय."

टीव्हीवर गाड्या डोंगर चढत होत्या. मी म्हणालो, "त्याचं चुकलं नव्हतं. त्याने परत जा म्हणून सांगितलं होतं. राहा मी म्हणालो."

"कधी?"

"फेब्रुवारीत. बर्फ काढत होतो तेव्हा."

"आणि त्याला माहीत होतं?"

"हो."

"राखीच्या वेळी?"

"हो."

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने हातातला मोजा नीट जोडीला लावला, गोळा केला आणि जोरात माझ्या छातीवर मारला. मोज्याने काय लागणार? पण मारला. मग फोन उचलला.

तो त्याच डोंगरावर होता. भाच्यासाठी मेलबर्नहून गाडी चालवत गेला होता आणि गवतावर खुर्ची टाकून बसला होता. फोनमधून आधी गाड्यांची घरघर आली, मग त्याचा आवाज.

"ताई? ताई, काही ऐकू येत नाही!"

"मूर्खा, माझ्याशी खोटं का बोललास?"

"कुठलं ते सांग! मी पुष्कळ बोललोय!"

ती हसली. आठ महिन्यांनी. हसता हसता रडायला लागली आणि तो पलीकडून "ताई, थांब, गाड्या जाऊ दे, थांब" असं ओरडत राहिला. गाड्या गेल्यावर त्याला कळलं की मी सगळं सांगून टाकलंय. तर म्हणतो कसा, "दाजींना काही बोलू नकोस हं. निदान शर्यत संपेपर्यंत."

"आणि नंतर?"

"नंतर माझ्या वाटणीचंही बोल."

तिने फोन माझ्यापुढे धरला. आता बोला, असं डोळ्यांनी सांगितलं. मी फोन घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो, "ऊन कसं आहे रे तिकडे?"

"मस्त आहे दाजी," तो म्हणाला.

बायकोने कपाळाला हात लावला. पण मला खरं सांगायचं तर त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की मी सोफ्यावर मागे रेललो आणि मला कडकडून भूक लागली. जेवून दोन तास झाले होते, तरी. "आमटी आहे," ती म्हणाली, "स्वतः गरम करून घ्या." मी मायक्रोवेव्हपाशी उभा राहून भांड्यातूनच खाल्ली. खाली तिचं भावाशी बोलणं चालू होतं, मधूनमधून हसणं ऐकू येत होतं, आणि त्या आमटीला जी चव होती ती मला अजून आठवते. हिरवी गाडी मधेच कुठेतरी संपली. ते आम्ही दुसऱ्या दिवशी चहा पिताना दोघांनी मिळून बघितलं. बेसमेंटमध्ये नाही, वर, मोठ्या टीव्हीवर.

भाऊबीजेला तिने फोन उभा करून त्याला ओवाळलं. राखीचं पाकीटही त्याच आठवड्यात पाठवलं. तो ती राखी ख्रिसमसपर्यंत बांधून हिंडला. माझ्याशी ती सुमारे पंधरवडाभर कामापुरतं बोलली आणि ते मला अगदी रास्त वाटलं. हिशोब इतक्या स्वस्तात मिटेल, असं मला वाटलं नव्हतं.

पण बाहेर गोष्ट होती तशीच राहिली. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मुलाचं लग्न इथे मिसिसागालाच झालं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरदेवाच्या पाठीशी त्याचा मामा उभा होता, रीतीप्रमाणे. जेवणाच्या वेळी आमच्या एका जुन्या स्नेह्याने त्याला सगळ्यांदेखत चिमटा काढला. "मामा असा पाठीशी उभा राहिला म्हणून भाचा चाकं फिरवायला लागला! नाही तर आज कंपनीत डायरेक्टर असता." सगळे हसले. मेहुणाही हसला आणि श्रीखंडाची वाटी पुढे ओढली. तो आयुष्यभर असाच हसणार, हे मला दिसलं. मी उठलो, गाणाऱ्या पोरांकडून माइक घेतला आणि सांगितलं: मामाने नाही, मी सांगितलं होतं. मामाने मात्र माझ्यासाठी बोलणी खाल्ली.

टाळ्या पडल्या. "वा! दाजी असावेत तर असे!" तोच स्नेही म्हणाला. "मेहुण्याची चूक भर मांडवात अंगावर घेतली!"

मी परत सांगितलं. लोक आणखी हसले. बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आता लिहूनच काढा. बोललेलं कुणाला खरं वाटणार नाही तुमचं."

म्हणून हे लिहिलं. आमच्याकडच्या लोकांनी वाचावं आणि पुढच्या वेळी गोष्ट नीट सांगावी. एवढ्याने माझ्या मनावरचं बरंचसं ओझं उतरलं आहे. राहिलं आहे ते मेहुण्याचं आणि माझं.

लग्नानंतर आठवड्याने तो परत निघाला. विमानतळावर मी एकटाच त्याला सोडायला गेलो, मुद्दाम. बॅगा उतरवल्या. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. तो वाकला आणि माझ्या पायाला हात लावला, नेहमी लावतो तसा. मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि तसाच धरून ठेवला. वाक्य तयार होतं. रस्ताभर मनात म्हणत आलो होतो. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काय येतंय ते ओळखलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला, "दाजी, राहू दे. निघतो. ताईला जपा." दंड सोडवून घेतला, ट्रॉली ढकलत आत गेला, आणि काचेचं दार बंद झाल्यावर मी म्हणालो, माझं मलाच ऐकू येईल इतक्या आवाजात, "तुझी बहीण आठ महिने तुझ्याशी बोलली नाही, ती माझ्यामुळे. मला माफ कर."